जुन्या पद्मिनीचा रंग उतरवताना

जुन्या गाडीचा रंग उतरवण्याविषयी जे काही बोलले जाते, ते बहुतेक रंग लवकर कसा निघेल एवढ्यापुरतेच असते. निघालेला रंग पुढे कुठे जातो, हे गॅरेजमध्ये, पेंटच्या दुकानात किंवा जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये फारसे कोणी विचारत नाही. कोल्हापुरात आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीचे काम हाती घेतल्यापासून मला मात्र हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे. पत्र्यावर घट्ट बसलेला रंग कोणाचे काही बिघडवत नाही. तो घासला, तापवला किंवा रसायनाने सोडवला की त्याची धूळ, धूर, वाफ किंवा चिखल होतो, आणि मग तो काम करणाऱ्याच्या छातीत, हातावर, घरच्या कपड्यांच्या बादलीत, अंगणातल्या मातीत आणि पहिल्या पावसात गटारात पोहोचतो. म्हणून रंग कसा काढावा हे ठरवताना तो कुठे जमा करता येईल हे आधी पाहावे, असे मी मानतो, आणि पुढचे सर्व विवेचन त्याच अंगाने केले आहे.

पद्मिनी निवडण्याचे कारण केवळ जिव्हाळ्याचे नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडत असे आणि आता तिचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयोमर्यादेमुळे गेली. आज जी पद्मिनी कोणाच्या दारात उभी आहे, तिच्या अंगावर तीस-चाळीस वर्षांचे रंगकाम थरावर थर चढलेले असण्याचीच शक्यता जास्त. कारखान्याचा मूळ रंग, त्यावर एखाद्या अपघातानंतर पोचा भरायला लावलेली लांबी (पुट्टी), त्यावर कोणीतरी हौसेने मारलेला दुसरा रंग, आणि सर्वांत वर एखादा पॉलियुरेथेनचा चकचकीत थर, असे काहीही असू शकते. प्रत्येक थराचे रसायन वेगळे आणि त्यामुळे प्रत्येकाचा धोकाही वेगळा. नव्या गाडीच्या एखाद्या दाराचा रंग काढणे आणि पद्मिनीचा रंग काढणे ही दोन निराळी कामे आहेत.

यंत्र हातात घेण्याआधी पत्र्यावर एक छोटी खिडकी उघडावी. दाराच्या खालच्या भागात, सहसा नजरेत न येणाऱ्या जागी, 180 नंबरचा वॉटर पेपर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) पाण्यात भिजवून एकाच ठिकाणी हळूहळू गोल घासत राहिले की बोराएवढ्या जागेत गाडीचा सारा इतिहास कड्याकड्यांनी उघडा पडतो. आमच्या गाडीच्या डाव्या दारावर बाहेरून आत येताना आधी पांढरा, मग त्याखाली फिकट मोतिया, मग पेंटरने रंगाआधी पृष्ठभाग सपाट करायला मारलेल्या सरफेसरचा करडा, त्याखाली गाडीचा मूळ हिरवट निळा, मग विटकरी अस्तर आणि अगदी मधोमध चकाकणारा पत्रा अशी कडी दिसली. उजव्या मागच्या मडगार्डवर मात्र पांढऱ्या रंगाखाली लगेच गुलाबीसर, खडूसारखी भुसभुशीत लांबी लागली आणि पेपर कितीही फिरवला तरी पत्रा येईना. तिथे चुंबकही धरत नव्हते. या दोन जागांना एकच पद्धत लावता येणार नाही, हे या खिडक्यांवरून लगेच ध्यानात येते. लांबीत मुरलेले रसायन बाहेर काढता येत नाही, त्यामुळे मडगार्डवर पेंट रिमूव्हरचा विचार तिथेच संपला.

रंगाचा प्रकार ओळखण्यासाठी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेली पांढरी चिंधी रंगावर मिनिटभर दाबून धरावी आणि मग घासावी. चिंधीवर रंग उतरला तर तो नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे आपल्याकडचे पेंटर ज्याला अजूनही ड्युको म्हणतात त्या जातीचा रंग असतो. रंग सुरकुतला, फुगला, पण विरघळला नाही, तर बहुधा सिंथेटिक इनॅमल असते. काहीच झाले नाही, तर टू-के, म्हणजे दुसरा भाग हार्डनर म्हणून मिसळून मारलेला रंग आहे असे समजावे. ही परीक्षा फुकटात होते आणि तिच्यामुळे पुढचे निर्णय सोपे होतात. नायट्रोसेल्युलोज अत्यंत ज्वालाग्राही असते. त्याच्या कोरड्या भुश्यावर ग्राइंडरची ठिणगी पडू देणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. टू-के पॉलियुरेथेन तापला की त्यातून आयसोसायनेट बाहेर पडू शकतात, आणि त्यांची एकदा ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. ज्या पेंटरांना काही वर्षांनंतर स्प्रेच्या वासानेच धाप लागते, त्यांच्यापैकी अनेकांच्या त्रासाचे मूळ इथे असते.

या सर्वांहून मोठा प्रश्न शिशाचा आहे. भारतात रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दशलक्षात 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे. मोटारींचे आणि कारखान्यांचे रंग त्या नियमात येत नाहीत. शिवाय आपल्या गाडीवरचा रंग त्या नियमाच्याही कितीतरी आधीचा आहे. पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांसाठी लेड क्रोमेट हे रंगद्रव्य जगभर दशकानुदशके वापरले गेले. अस्तरांत शेंदूर, म्हणजेच शिशाचा ऑक्साइड, आणि झिंक क्रोमेट वापरले जात. इनॅमल लवकर वाळावे म्हणून त्यात शिशाचे ड्रायर घालत. लेड क्रोमेटमध्ये शिशाबरोबर कर्करोगाला कारण ठरणारे षट्संयुजी क्रोमियमही असते. म्हणून जुन्या टॅक्सीचा पिवळा टप (छत) कोणी घासायला घेत असेल, तर तपासणी होईपर्यंत त्यात शिसे आहेच असे धरून त्याने चालावे.

शिसे तपासण्याच्या रासायनिक काड्या ऑनलाइन मिळतात. शिसे लागले की त्यांचा रंग गुलाबी किंवा लाल होतो. वरचा रंगच लाल असेल तर मात्र फसगत होते, आणि लेड क्रोमेट हळू प्रतिक्रिया देत असल्यामुळे काडी लगेच न बदलली तर निकाल दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा लागतो. थर तिरपा कापून प्रत्येक कडे वेगळे तपासावे. आमच्या गाडीत विटकरी अस्तराने काडी गुलाबी केली, वरच्या पांढऱ्याने केली नाही. माझ्या मते अशा तपासणीत ‘आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवावा आणि ‘नाही’ या उत्तरावर ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून निघत नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर हे काम घराच्या अंगणात करूच नये, इतके स्पष्ट मी सांगेन.

शिसे शरीरात जाते ते श्वासातून आणि तोंडावाटे. श्वासाचा विचार लोक थोडाफार तरी करतात. तोंडाचा करत नाहीत. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये घासकाम करणारा कामगार मध्येच थांबून त्याच धुळकट तळहातावर तंबाखू आणि चुना मळतो आणि चिमूट ओठाखाली ठेवतो, तेव्हा रंगाची धूळ थेट तोंडात जाते. चहाचा पेला ग्राइंडरशेजारी ठेवलेला असतो, पाण्याची कळशी उघडी असते. मी ज्यांच्याकडून काम करून घेतो त्या मिस्त्रींना आणि त्यांच्या पोरांना एवढी एकच विनंती केली होती, की खाणेपिणे आणि तंबाखू आवाराबाहेर, हात आणि तोंड साबणाने धुतल्यावरच. त्यांनी ती मानली, आणि त्यासाठी नळापाशी साबण, नखांचा ब्रश आणि स्वच्छ पंचा कायम ठेवणे एवढेच मला करावे लागले. कामाचे कपडे तिथेच उतरवून वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. बापाच्या शर्टावरची धूळ त्याला बिलगणाऱ्या लेकराच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते.

मास्कविषयी गैरसमज फार आहेत. कापडी रुमाल किंवा शस्त्रक्रियेचा निळा मास्क या धुळीला अडवत नाही. आयएस 9473 या भारतीय मानकाचा एफएफपी-2 मास्क साध्या धुळीला चालतो. शिशाच्या धुळीसाठी एफएफपी-3 किंवा पी-100 फिल्टर लावलेला रबरी हाफ मास्क घ्यावा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. दाढीचे खुंट वाढलेले असले तरी कडेने हवा आत शिरते. धुळीचा फिल्टर वाफेला अडवत नाही आणि वाफेचा कार्ट्रिज धुळीला अडवत नाही, हे लक्षात ठेवून कामाप्रमाणे जोडणी बदलावी लागते. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा, कारण वायर ब्रशच्या तारा तुटून गोळीसारख्या सुटतात.

आता प्रत्यक्ष काढण्याकडे वळू. सगळी गाडी पत्र्यापर्यंत उघडी केलीच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. कारखान्याचे मूळ अस्तर जिथे पत्र्याला घट्ट धरून आहे, कुठे फोड नाही, पोपडा नाही, गंजाची कोळीजाळी नाही, तिथे वरचे भेगाळलेले थर काढून त्या अस्तरावर थांबावे. पुन्हा तसे अस्तर साध्या गॅरेजमध्ये बसवता येत नाही, शिवाय शिसे असलेला सर्वांत खालचा थर जागच्या जागी झाकलेला राहतो आणि त्याची धूळच होत नाही. आमच्या गाडीचा टप आणि डिकीचे झाकण असेच अर्ध्यावर थांबवले. बॉनेटवर मात्र एनसी रंगाचे इतके थर होते की वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा खोलवर गेल्या होत्या. तिथे पत्र्यापर्यंत जाण्याला पर्याय नव्हता.

घासकामासाठी ड्युअल ॲक्शन सँडर, म्हणजे चकती फिरता फिरता हलतेही असे घासयंत्र, हे मला सर्वांत भरवशाचे साधन वाटते, पण व्हॅक्यूमला जोडलेले. सँडरच्या चकतीला छिद्रे असतात, त्यातून धूळ ओढली जाते. जोडलेला व्हॅक्यूम हेपा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा असावा, कारण घरातल्या साध्या व्हॅक्यूमच्या मागच्या झरोक्यातून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते. सुरुवात 80 नंबरने, अस्तराजवळ आल्यावर 120 किंवा 180, आणि जिथे थांबायचे त्या थरावर 320. सँडर दाबू नये. स्वतःच्या वजनाने फिरू द्यावा. चकतीत रंग भरून ती गुळगुळीत झाली की बदलावी. जुनी चकती वापरत राहण्यात चार पैसे वाचतात, पण ती कापण्याऐवजी तापवते, रंग वितळून पत्र्यावर माखतो आणि वास येऊ लागतो. रंगाचा वास येऊ लागला की पत्रा तापतो आहे, हे समजून हात थांबवावा.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्यावर कापायची किंवा फ्लॅप चकती लावून रंग काढणारे पुष्कळ आहेत, आणि काम डोळ्यांदेखत होत असल्यामुळे ते पाहणाऱ्याला समाधानही वाटते. पद्मिनीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभराचा. बॉनेटसारख्या मोठ्या सपाट भागावर ग्राइंडर एका जागी रेंगाळला की पत्रा तापून ताणला जातो आणि थंड झाल्यावर तिथे लहर उमटते. हाताने दाबले की टक्क आवाज करून आत-बाहेर होते. ती बसवणे हे चांगल्या डेंटरचे काम आहे, आणि चांगले डेंटर आता थोडे राहिले आहेत. शिवाय ग्राइंडरची धूळ दहा-पंधरा फूट उडते आणि तिला पकडण्याचा कोणताही साधा उपाय नाही. वेगच हवा असेल, तर ग्राइंडरवर काळ्या किंवा जांभळ्या जाळीदार स्ट्रिप डिस्क लावता येतात. त्या पत्रा कमी खातात, तरी धुळीचा प्रश्न तसाच राहतो. कडांवर, घडीच्या रेषांवर आणि दाराच्या मुठीभोवतीच्या खोलगटीत यंत्र नेऊच नये. तिथे लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला वॉटर पेपर आणि पाण्याचा फवारा. ओल्या घासकामात धूळ उडत नाही, आणि शिशाच्या थरावर मी दुसरी पद्धत वापरायला तयार नाही. त्यातून निघालेला पातळ चिखल वाळण्यापूर्वी चिंधीने टिपून घ्यावा. वाळला की त्याचीच पुन्हा धूळ होते.

काम सुरू करण्याआधी काचांवर ओले जाड कापड टाकावे, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि नंतर कशानेही निघत नाहीत. बॅटरीच्या वायरी सोडवाव्यात, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, रबरी बिडिंग उतरवून घ्यावे. जमिनीवर जाड प्लास्टिक, त्याच्या कडा वर वळवलेल्या. दिवसाच्या शेवटी कॉम्प्रेसरच्या हवेने गाडी झाडण्याची गॅरेजमध्ये रीत आहे; ती या कामात पूर्ण बंद ठेवावी आणि व्हॅक्यूम व ओली चिंधी एवढ्यावरच भागवावे.

पेंट रिमूव्हरचा विषय अधिक गंभीर आहे. आपल्या बाजारात मिळणाऱ्या अनेक जलद रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. डब्यावर ते डायक्लोरोमिथेन या नावानेही छापलेले आढळते. रंगावर जाडसर थर लावला की दहा-पंधरा मिनिटांत रंग फुगून सुरकुततो आणि पट्टीने सायीसारखा निघतो, त्यामुळे पेंटरांना ते प्रिय आहे. धूळ होत नाही हा त्याचा खरा गुण. पण ते सुमारे 40 अंशांवर उकळते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत हा डबा ठेवला, तर झाकण उघडताच आतले द्रव तोंडावर उडू शकते. डबा सावलीत, थंड जागी ठेवावा आणि झाकणावर चिंधी टाकून हळूहळू उघडावा.

त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती खाली साचते. आपल्या गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायला खड्डा असतो. त्या खड्ड्यावर गाडी उभी करून रिमूव्हर लावणे प्राणघातक ठरू शकते, कारण खड्ड्यात उतरणाऱ्याला काही कळायच्या आत गुंगी येते. शरीरात गेलेल्या मिथिलीन क्लोराइडचे काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड बनते, त्यामुळे हृदयविकार असलेल्याला कमी मात्राही झेपत नाही. अमेरिकेत बंद जागेत हे वापरणाऱ्यांचे मृत्यू झाल्यावर रंग काढण्यासाठी त्याची घरगुती विक्री 2019 मध्ये बंद करण्यात आली आणि 2024 मध्ये बहुतेक इतर वापरांवरही बंदी आली. वाफेचे साधे कार्ट्रिज या रसायनासमोर फार लवकर निकामी होते, आणि निळे नायट्राइल हातमोजे काही मिनिटांत ते आत जाऊ देतात. जवळपास वेल्डिंग किंवा पेटती विडी असेल, तर त्या उष्णतेने या वाफेतून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. हे सर्व पाहता मी मिथिलीन क्लोराइड असलेला डबा घेतच नाही. बेंझिल अल्कोहोलवर आधारलेले रिमूव्हर मिळतात. ते हळू चालतात, कित्येकदा रात्रभर ठेवावे लागतात, वर प्लास्टिकचा कागद चिकटवून ओलावा टिकवावा लागतो, किंमतही जास्त असते. बॉनेटसाठी मी तेच वापरले आणि एनसीचे सारे थर त्याने उचलले. डोळे आणि कातडी यांची काळजी तरीही घ्यावीच लागते, आणि काम उघड्या हवेत, वाऱ्याच्या दिशेला पाठ करूनच करावे.

रिमूव्हर कोणतेही असो, एक गोष्ट सांभाळावी. पत्र्याच्या जोडात, घडीच्या शिवणीत, टपाच्या कडेच्या पन्हळीत ते जाता कामा नये. तिथे शिरलेले रसायन धुतल्यावरही राहते, आणि नवा रंग मारून झाल्यावर कधीतरी बाहेर पाझरून तो फुगवते. म्हणून शिवणीपासून इंचभर जागा सोडून चिकटपट्टी लावावी आणि ती पट्टी नंतर हाताने घासावी. ब्रश एकाच दिशेने फिरवावा, मागे-पुढे करू नये. त्याने वरची सायीसारखी पापुद्री मोडते आणि रसायन उडून जाते. खरवडायची पट्टी प्लास्टिकची, कोपरे गोल केलेली घ्यावी. कॉस्टिक सोड्याने रंग काढण्याचा जुना उपाय अजून कोणी कोणी सांगतात. सोडा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाऊन त्यातून हायड्रोजन सोडतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि जोडांत राहिला तर नवा रंग सोलून काढतो. तो या कामाचा नाही. ब्लो-लॅम्पने रंग जाळण्याविषयीही माझे मत तेच आहे. हीट गन मी फक्त गाडीच्या तळाचा डांबरी थर मऊ करायला वापरतो, रंगावर कधीच नाही.

सँड ब्लास्टिंगची, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूसारखे कण मारून रंग काढण्याची, चौकशी प्रत्येक जण करतो. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आणि भोवतालच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने असल्यामुळे ब्लास्टिंगची सोय सहज मिळते. चाके, सस्पेन्शनचे हात, बिजागऱ्या, बंपरचे ब्रॅकेट अशा जाड वस्तू तिथे द्यायला हरकत नाही. बॉनेट, टप आणि दारांची बाहेरची पाने मात्र देऊ नयेत. लोक म्हणतात की उष्णतेने पत्रा वाकतो. खरे म्हणजे प्रत्येक कण पत्र्यावर हातोडीसारखा आदळतो, एका बाजूचे कातडे ताणले जाते आणि सपाट पत्रा फुगीर होतो. नदीची किंवा खाणीची वाळू वापरणाऱ्याकडे तर जाऊच नये. वाळूतल्या सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा रोग होतो, तो बरा होत नाही, आणि ब्रिटनमध्ये अशी वाळू ब्लास्टिंगसाठी वापरण्यास 1949 च्या नियमांपासूनच मनाई आहे. गार्नेट किंवा काचेचे मणी वापरणारा शोधावा, आणि रंगात शिसे आहे हे त्याला आधीच सांगावे. ते लपवून वस्तू देणे म्हणजे आपला धोका त्याच्या कामगाराच्या गळ्यात मारणे होय.

पत्रा उघडा झाला की घड्याळ सुरू होते. आमचे मिस्त्री म्हणतात, “मालक, उघड्या पत्र्याला रात्र दाखवायची नाही.” कोल्हापूरच्या पावसाळ्यात किंवा कोकणात तर तासाभरात पिवळसर झाक चढते. म्हणून हे काम दिवाळीनंतर, थंडी कोरडी असताना काढावे आणि एका दिवशी जितके झाकता येईल तितकेच उघडावे. हाताने पत्र्याला स्पर्श करू नये, कारण घामातले मीठ तिथे राहते आणि काही महिन्यांनी रंगाखाली बोटांच्या ठशांचा गंज उमटतो. एका स्वच्छ सुती चिंधीने वॅक्स-ग्रीस रिमूव्हर लावावे आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने पुसून घ्यावे. एकच चिंधी फिरवली तर तेल जागा बदलते एवढेच. खड्ड्यांतल्या काळ्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचा उतारा चालतो, पण त्याचा अंश राहिला तर पुढचे इपॉक्सी अस्तर धरत नाही, म्हणून डब्यावरच्या सूचनेप्रमाणे तो धुऊन, पूर्ण सुकवून मगच पुढे जावे.

त्यावर पहिला थर टू-के इपॉक्सी प्रायमरचा. करडा एनसी सरफेसर स्वस्त आणि घासायला सोपा असतो, पण तो सच्छिद्र असतो आणि पावसाचा ओलावा पत्र्यापर्यंत पोहोचवतो; थेट पत्र्यावर तो मारणे मला मान्य नाही. लांबी भरायची असेल तर ती इपॉक्सीवर भरावी. इपॉक्सीच्या हार्डनरने कातडीला ॲलर्जी येते, म्हणून हातमोजे आणि वाफेचा मास्क इथेही लागतात. थिनर आणि इनॅमलने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. इनॅमलमधले तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून ठेवाव्यात.

राहिला तो निघालेला रंग. प्लास्टिकवर साचलेला चिखल, व्हॅक्यूमची पिशवी, वापरलेल्या चकत्या, चिंध्या, रिमूव्हरमध्ये भिजलेली साल हे सर्व मी जाड पिशव्यांत भरून झाकणाच्या डब्यात ठेवले आणि डब्यावर ‘शिसेयुक्त रंगाचा कचरा’ असे ठळक लिहिले. ओल्या घासकामाचे पाणी नालीत ओतू नये, साल शेकोटीत टाकू नये, चिखल बागेत पुरू नये. ते पाणी दोन दिवस बादलीत निवळू द्यावे, खाली बसलेला गाळ कपड्यातून गाळून वेगळा करावा आणि वरचे पाणीही उथळ घमेल्यात उन्हात आटवून जो थर उरेल तो त्याच डब्यात टाकावा. 2016 च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या अशा वस्तूंना घरगुती घातक कचरा म्हटले होते आणि तो वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या संकलन केंद्रावर द्यावा असे सांगितले होते. प्रत्यक्षात घंटागाडीवाल्याला तो वेगळा घ्यायचा असतो हे पुष्कळदा ठाऊक नसते, म्हणून आधी महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारून मगच डबा द्यावा. गॅरेज चालवणाऱ्यांना घातक कचऱ्याचे स्वतंत्र नियम आहेत, आणि महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे असा कचरा घेणारी केंद्रे आहेत. ज्या गॅरेजला गाडी देणार, त्याला दर विचारताना हा कचरा तो कुठे देतो हेही विचारावे. आमचा डबा महापालिकेचा होकार येईपर्यंत कुलपाच्या खोलीत, मुलांच्या हाताला न लागेल असा, वरच्या फळीवर ठेवलेला आहे.